गच्चीचा काळा कोपरा

मला एक खोड हाय. ज्यातलं मला कायबी कळत न्हाय, त्याची मी पयली चेष्टा करतो. लोकं हसत्यात, आन् हसता हसता कुणी इचारत न्हाय की, बाबा, तुला ह्यातलं कळतं का. बँकेत फॉर्म भरायचा आला की मी म्हणतो, "सायब, माझं अक्षर लई देखणं हाय, नजर लागंल कुणाची, तुमीच भरा." सायब हसतो आन् भरून देतो. दवाखान्यात चिठ्ठी हातात दिली की म्हणतो, "डॉक्टरनं लिवल्यालं देवाला बी वाचता येत न्हाय, मी कोण?" अशी चाळीस वर्षं निभली. मला वाचता येत न्हाय हे आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकास्नी म्हाईतच न्हाय. बाकीच्या निम्म्यास्नी म्हाईत हाय, पर ती बी हसण्यात इसरत्यात.

ह्या खोडीनं एकदाच घात केला, आन् तो बी माझा न्हाय, माझ्या पोरीचा.

आमचं मूळ गाव सांगोल्याच्या बाजूला, माळावर. घरात मेंढरं. मेंढरं चालत्यात आन् शाळा एका जागी हुबी ऱ्हाती, त्यामुळं माझी आन् शाळेची गाठ काय पडली न्हाय. दुसरीत नाव व्हतं म्हणत्यात. गुरुजी हजेरीला माझं नाव घ्यायचे तवा मी कुठल्या तरी नदीकाठाला कोकरू खांद्यावर टाकून असायचो. पुढं मेंढरं कमी झाली, मी सोलापुरात आलो आन् चुना मारायला शिकलो. लोकास्नी चुना लावायचा धंदा हाय म्हणून सांगितलं की लोकं हसत्यात. बगा, हितं बी तेच.

ज्यास्नी सोलापूरचा उन्हाळा म्हाईत न्हाय त्यांच्यासाटी सांगतो. होळी झाली की गच्ची तव्यावानी तापती, आन् खालच्या खोलीत माणूस भाकरीवानी भाजतो. म्हणून लोकं गच्चीवर चुना मारून घेत्यात. पिंपात चुना भिजवायचा, त्यात डिंक, चिमूटभर नीळ, आन् लांब दांड्याचा कुंचा घेऊन फिरवायचा. खालची खोली गार हुती. का गार हुती? वीस वर्षं हे काम करतोय, मला कुणी इचारलं की मी सांगायचो, "चुना मुळातच थंड असतोय की." लोकं मान डोलवायची. मी बी डोलवायचो.

पोरगी तवा पाचवीत व्हती. आमच्याच भागातली शाळा, दोन मजल्यांची, आन् तिचा वर्ग बरोबर गच्चीखाली. लई बोलणारी पोरगी. घरात पाय टाकला की प्रश्न. पप्पा, विमान का पडत न्हाय. पप्पा, पालीला भिंत कशी धरती. मी काय तरी ठोकून द्यायचो. विमानाला म्हणलो व्हतो, "तिकीट काढल्याली माणसं असत्यात आत, पैसं वसूल झाल्याबगर कसं पडंल?" ती हसायची, आन् खरं उत्तर शाळेतनं घेऊन यायची. आमचं बरं चाललं व्हतं.

मार्च म्हैना. शाळा सकाळची झाली व्हती. एक दिवस संध्याकाळी मी हातपाय धुऊन बसलोय, आमची मंडळी शाळेच्या गणवेशाला बटणं लावतीया. कारखान्यातनं शर्टाचा गठ्ठा घरी आणती ती. पोरगी वही घेऊन माझ्याम्होरं येऊन बसली.

"पप्पा, बाईनी घरातल्या मोठ्या माणसाला इचारून लिवायला सांगितलंय. ध्रुवावरचं बर्फ वितळलं तर आपल्याला काय हुईल?"

"कुणावरचं?"

"ध्रुवावरचं. पृथ्वीचं वरचं टोक आन् खालचं टोक. तितं सगळीकडं बर्फच हाय. आन् जग तापतंय म्हणून ते वितळाय लागलंय."

मला त्यातलं काय कळणार? मला बर्फ म्हाईत हाय ते गोळ्याच्या गाडीवरचं. पर तिच्याकडं पाटी कोरी दाखवायची म्हणजे बापाला जड जातं.

"वितळू दे की," मी म्हणलो. "वरच्या टोकाचं वितळलं म्हणजे पाणी खालीच येणार. उजनीचं धरण भरंल. मग आपल्याला रोज नळ, तुझ्या आयला घागरी भरून ठेवायला नको."

मंडळीला हसू आलं. आमच्याकडं चार-पाच दिवसांनी पाणी येतंय, उजनी भरली का न्हाय हेच आमचं बारा म्हैन्याचं बोलणं. तरी ती म्हणली, "आवो, नीट सांगा. अभ्यास हाय तिचा."

"नीटच सांगतोय."

"आन् तितलं पांढरं अस्वल?" पोरीनं इचारलं.

"त्येला सोलापुरात आणू. उन्हाळ्यात मी त्येला चुन्याचा एक हात मारत जाईन. गार ऱ्हाईल."

पोरीनं सगळं लिवून घेतलं. मला वाटलं ती बी चेष्टाच लिवतीया. तिला वाटलं, घरातल्या मोठ्या माणसानं सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला लई उशिरा कळलं. तवा दिसलं ते एवढंच की घरातले प्रश्न बंद झाले. यायची, दप्तर ठेवायची, आयजवळ बसून बटणं लावायची. मी म्हणायचो, "काय गं, आज पाल पडली का भिंतीवरनं?" ती म्हणायची, "न्हाय." एक दिवस गल्लीतलं एक पोरगं दारावरनं जाता जाता वरडलं, "ए उजनी, पाणी कवा सोडणार?" पोरगी उठून आत गेली. मी त्या पोराला म्हणलो, "आमच्यात उजनी कोण न्हाय रं बाबा." खरंच मला कळलं न्हाय. एवढा मी हुशार.

मग शाळेतनं चिठ्ठी आली. मंडळी सातवी शिकल्याली हाय, तिनं वाचली. वर्गाच्या बाईनी भेटायला बोलवलंय, आन् वडलांनीच या म्हणून लिवलंय.

"तू जा की," मी म्हणलो. "तुला वाचता येतं."

"तितं वाचायला न्हाय, ऐकायला बोलवलंय. ते येतं का तुमाला?"

गेलो. बाई माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. वर्ग सुटला व्हता, आमी बाकावर बसलो. बाक लहान, माझे गुडघे हनवटीला.

"तुमची मुलगी पंधरा दिवस झाले वर्गात बोलत नाही," बाई म्हणल्या. "आधी तिला हात खाली घे म्हणावं लागायचं. काल एक प्रश्न विचारला. तिच्या वहीत बरोबर उत्तर लिहिलेलं होतं. मी तिच्याकडं बघितलं तर तिनं वही मिटली."

मी काय तरी चेष्टा शोधत व्हतो. सापडंना.

बाईनी सगळं सांगितलं. पोरीनं ते उत्तर हुबं राहून वाचून दाखवलं व्हतं. पप्पा म्हणाले उजनी भरेल. पप्पा म्हणाले अस्वलाला चुना मारू. वर्ग हसून लोळला. बाईनी गप्प केलं, पर तवर तिचं नाव उजनी पडलं व्हतं. आन् तिनं तोंड मिटून घेतलं.

"बाई, ते उत्तर माझं व्हतं."

"माहीत आहे. तिनं तसं लिहिलंच आहे ना." मग बाईनी इचारलं, "तुम्ही गंमत केली होती, का खरंच तसं वाटलं होतं?"

आजवर मला हा प्रश्न कुणी इचारला न्हवता. मी म्हणलो, "निम्मं निम्मं."

बाई हसल्या न्हाईत. त्यांनी नुस्ती मान हलवली. माझ्या कपाळावरनं घाम गळत व्हता. मला वाटलं भीतीचा हाय. मग बगितलं तर बाईंच्या बी गळत व्हता. वर बगितलं. छतातनं नुस्ती धग येत व्हती. खिडकीत पोरांचे वल्ले रुमाल वाळत घातले व्हते.

"बाई, गच्चीला चुना मारला न्हाय व्हय?"

"कोण मारणार?"

"मी."

दुसरं काय येत व्हतं मला? पोरीला बोलतं कसं करायचं ते म्हाईत न्हवतं, निदान तिचं डोस्कं तरी गार ठेवावं. एका बंगल्यावरचा चुना उरलाच व्हता. बाईनी मोठ्या बाईंना इचारलं आन् शनिवार ठरला.

घरी येऊन पोरीला सांगितलं. ती बटण लावत व्हती. वर न बगता म्हणली, "वर्गात येणार?"

"न्हाय. गच्चीवर."

"मग तुमी बोलू नका फक्त. कुणाशी बी. चेष्टा करू नका."

पंधरा दिवसात ती माझ्याशी एवढं लांब पयल्यांदाच बोलली व्हती, आन् ते हे व्हतं. मी म्हणलो, "तोंडातनं अक्षर काढणार न्हाय."

आमच्या धंद्यातली पयली अक्कल अशी की लांबच्या कोपऱ्यापासनं सुरू करायचं आन् मारत मारत दाराकडं यायचं. नवखा माणूस बी पयल्या दिवशी हेच शिकतो. त्या शनिवारी मी दारापासनं सुरू केलं.

त्याला कारण व्हतं. गच्चीचं दार उघडं, खाली जिना, आन् जिन्याच्या तोंडालाच पोरीचा वर्ग. बाईंचं बोलणं सगळं वर येत व्हतं. मी चपला जिन्यात काढल्या, पिंप दाराशी ठेवलं, त्यातला चुना बादलीत घेतला, आन् कुंचा हातात घेतला तेवढ्यात बाई म्हणल्या, "ध्रुवावरचं बर्फ किती पांढरं असतं?" मी म्हणलं बगू तरी हितंच मारत. जन्मात पयल्यांदा मी शाळेचा तास ऐकत व्हतो, आन् मला हजेरी बी द्यावी लागत न्हवती.

बाई सांगत व्हत्या, बर्फ पांढरं असतं, त्याच्यावर पडल्यालं ऊन ते बरंचसं वर परत लावून देतं. बर्फाखालचं समुद्राचं पाणी काळपट, ते ऊन आत घेतं आन् तापतं. मग इचारत व्हत्या, आन् पोरं उत्तरं देत व्हती. एकाचा आवाज घोगरा, एकीचा किनरा. मी प्रत्येक आवाजाला कान देत व्हतो. आमच्या पोरीचा त्यात न्हवता. मी म्हणायचो, आता बोलंल. कुंचा फिरवायचा, एक पाऊल मागं सरायचं, कान दाराकडं. आता बोलंल. आणखी एक पाऊल मागं. लांब जाईल तसं ऐकू कमी यायला लागलं, मग मी आणखी ध्यान देऊन ऐकायला लागलो. ती बोलली न्हाय. आन् माझी पाठ कठड्याला टेकली.

मागं बगितलं, कठडा. म्होरं बगितलं, दारापत्तूर पांढराशिप्पट चुना, बराचसा अजून वल्ला. मी हुबा व्हतो ती जागा बाजेएवढी. आन् तितं पूर्वी कवा तरी गळती थांबवायला काळ्या डांबराचा पत्रा चिकटवला व्हता.

अकरा वाजत आलेले. चपला जिन्यात.

माझ्या पायाचं मी लई कौतुक सांगत असतो. चुन्यानं कातडं असं झालंय की काटा टोचला तर काट्याला दुखतं. पर त्या डांबरानं माझं कौतुक दोन मिनिटात उतरवलं. उजवा पाय ठेवला की डावा उचलायचा, डावा ठेवला की उजवा. वल्ल्या चुन्यावरनं चालत जावं तर भाजल्याल्या, भेगा पडल्याल्या पायाला चुना झोंबणार, आन् सगळ्या कामावर पावलं उमटणार. शाळेचं काम, पोरीच्या डोक्यावरचं, आन् त्याच्यावर बापाची पावलं? हाक मारावी तर अक्षर काढणार न्हाय म्हणून कबूल केलेलं. मग काय, तोंड मिटून नाचत राहिलो.

आता मी नाचतोय ते त्या वर्गाच्या छतावर, हे माझ्या ध्यानात न्हवतं. खाली धप धप आवाज जात व्हता. बाईंचं बोलणं थांबलं. मग जिन्यात पोरांच्या पायांचा आवाज, आन् दारात सगळा पाचवीचा वर्ग.

मला बगून पोरं जी हसली. दाराला धरून हसली, एकमेकाला धरून हसली. एक म्हणला, "बाई, काका डान्स करतायत." मी त्या गर्दीत आमची पोरगी शोधली. सगळ्यात मागं, जिन्याच्या कठड्याला टेकून हुबी व्हती, खाली मान घालून. मला वाटलं, झालं. आधी वहीतनं हसू केलं, आता गच्चीवरनं.

बाईनी पोरांना गप्प केलं न्हाय. म्हणल्या, "हसून घ्या. झालं की सांगा, ते नाचतायत का?"

"पाय भाजतायत."

"आणि मग पांढऱ्यावर का नाही भाजत? चपला काढा. दाराजवळचं वाळलंय, त्याच्यावर एकेक जण पाय ठेवा. नंतर पिंपाभोवतीच्या उघड्या फरशीवर ठेवा."

पोरं पाय ठेवायला लागली. "बाई, हितं बरं वाटतंय." "आई गं, हितं भाजतंय." एक पोरगी अंगठा टेकवून लगीच मागं पळाली. मग तो घोगऱ्या आवाजाचा म्हणला, "बाई, चुना थंड असतोय म्हणून."

मी लांबनं मान डोलवायलाच निघालो व्हतो. बाई म्हणल्या, "असं? पिंपाला बाहेरून हात लावून बघ."

पिंप सकाळपासनं उन्हात. त्यानं हात लावला आन् झटकला. "तापलंय की, बाई."

"मग चुना थंड कुठं आहे?"

वीस वर्षं. वीस वर्षं मी लोकास्नी हेच सांगत आलो, आन् एका पाचवीतल्या पोराचा हात पिंपाला लागला आन् खलास. बरं झालं तोंड बंद व्हतं.

"मग काय कारण असेल?" बाईनी इचारलं आन् थांबल्या. मी इकडं पाय बदलतोय. बाई माझ्याकडं बगत न्हवत्या, पोरांकडं बी न्हाय. जिन्याच्या कठड्याकडं बगत व्हत्या.

मागनं एक हात वर आला. पूर्ण न्हाय, कोपरातनं वाकल्याला.

"पांढरं ऊन परत लावून देतं," आमची पोरगी म्हणली. "काळं पिऊन बसतं."

"जरा मोठ्यानं."

पोरं बाजूला झाली. ती म्होरं आली, दाराच्या चौकटीत. "बाई, हा चुना म्हणजे बर्फ समजायचं. आन् पप्पा हुबे हायेत ते काळं, म्हणजे समुद्र. बर्फ वितळलं की काळं वाढतं. काळं वाढलं की ऊन जास्त मुरतं. ऊन जास्त मुरलं की बर्फ आणखी वितळतं. म्हणून तितं बाकी जगापेक्षा लवकर तापतंय." मग श्वास घेतला आन् म्हणली, "आन् बाई, त्यांचे पाय भाजतायत. त्यांना आधी येऊ द्या की."

बाई म्हणल्या, "तूच बोलव."

"पप्पा, या."

मी हातानं चुना दाखवला. वल्लाय. बिघडंल.

"बिघडू दे. दुसरा हात मारायचाच हाय की. या."

मी आलो. चुना असा झोंबला की डोळ्यातनं पाणी आलं. झोंबलं म्हणूनच आलं असं मी तवा बी सांगितलं, आता बी सांगतो. मागं बगितलं तर गच्चीवर माझी पावलं, एका सरळ रेघंत बी न्हाईत. पोरीनं कुणाची तरी पाण्याची बाटली घेतली आन् माझ्या पायावर वतली.

"ए उजनी, पाणी सोडलंस व्हय," गर्दीतनं एक जण म्हणला. पोरं हसली. मी तिच्याकडं बगितलं. मला वाटलं, मिटलं आता तोंड परत.

ती बाटली उपडी धरून तशीच हुबी. पाणी संपेपत्तूर थांबली. मग त्या पोराकडं वळून म्हणली, "उजनी भरत न्हाय त्यानं. जमिनीवरचं बर्फ वितळलं की पाणी समुद्राला जातं. समुद्र खाली हाय, उजनी वर. पाणी चढून येतंय व्हय? समुद्र वाढला तर काठावरच्या लोकांच्या घरात शिरंल. आपल्याला एक थेंब न्हाय, उलट ऊन वाढंल. आन् पाऊस कवा नकोच इतका पडंल, कवा पडणारच न्हाय." मग म्हणली, "हे माझ्या वहीत लिवलंय. त्याच्या आदलं पान तुमी ऐकलंय."

बाई म्हणल्या, "बरोबर." एवढंच.

आता मी गप्प बसायला पायजे व्हतं. पर माझ्या डोक्यात एक गोष्ट शिरली व्हती, आन् ती चेष्टा न्हवती. मी म्हणलो, "बाई, मग सगळ्यांनी आपापल्या गच्च्या पांढऱ्या केल्या तर बर्फ वाचंल का? मी मारतो की चुना."

पोरं परत हसली. आन् पोरगी म्हणली, "न्हाय पप्पा, चुकतंय तुमचं. गच्ची पांढरी केली की खालची खोली गार हुती, तेवढंच. पर कोळसा, पेट्रोल जाळून जो धूर झालाय, त्यातल्या वायूची चादर पडलीया सगळ्या पृथ्वीवर. ती दिवसेंदिवस जाड हुतीया. अंगावर चादर घेऊन आत पांढरा सदरा घातला तर गार वाटतं व्हय?"

"आपल्या सोलापुरी चादरीवानी?"

"व्हय. डबलची."

त्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरात कुणी ना कुणी चादरी विणायला मागावर व्हतं. डबलची जाड चादर एप्रिलमधी अंगावर म्हणजे काय ते त्यास्नी सांगावं लागलं न्हाय. एक जण तर नुस्त्या आठवणीनं कॉलर सैल करायला लागला.

"मग ती चादर काढायची कशी?" मी इचारलं.

"एकदम निघत न्हाय. आदी जाड करायची थांबवायची," ती म्हणली. आन् मग बाईंकडं बगून, "पुढचं अजून शिकवलं न्हाय."

चाळीस वर्षात मला लई जणांनी चुकलास म्हणून सांगितलंय. मुकादमानं, सायबानं, मंडळीनं तर रोज. पर त्या दिवशी पंधरा दिवस गप्प असल्याल्या पोरीनं सगळ्या वर्गाम्होरं मला चुकतंय म्हणून सांगितलं, आन् मला वाटलं तिनं आणखी दोन-चार चुका काढाव्यात. हव्या तेवढ्या व्हत्या माझ्याकडं.

रविवारी जाऊन दुसरा हात मारला, लांबच्या कोपऱ्यापासनं, शहाण्या माणसावानी. पावलं झाकली. काळ्या डांबरावर कुंचा टेकवणार तेवढ्यात शनिवारी निघताना बाईनी सांगितल्यालं आठवलं, "तो कोपरा तसाच ठेवा, पुढच्या पोरांना लागेल." बाजेएवढा काळा तुकडा तसाच सोडला. अजून हाय. आता दर मार्चला बाईंचा निरोप येतो, चुना मारायला या म्हणून, आन् पाचवीची पोरं वर येऊन इचारत्यात, "काका, तुमी नाचणार का?" मी म्हणतो, आदी माझ्या चपला लपवा, मग नाचतो.

त्याच रविवारी संध्याकाळी मी पायाला खोबरेल लावून बसलो व्हतो. टाचा सोलल्या व्हत्या. पोरगी येऊन शेजारी बसली. मग मीच इचारलं, "ते अस्वल काय करतं गं, बर्फ तुटलं की?"

"त्येची शिकार बर्फावरच असती. बर्फ लांब गेलं की त्येला लांब जावं लागतं. पोहत. पिल्लं दमत्यात."

माझ्या तोंडावर एक चेष्टा आली व्हती. ती तितंच राहिली. मला माझा बाप आठवला. एका साली माळावर गवतच उगवलं न्हाय. बाप रोज म्हणायचा, पलीकडच्या टेकडीमागं असंल. तिच्यामागं गेलं की त्याच्या पलीकडची टेकडी. मागं राहिल्याली कोकरं मी गोळा करायचो. दोन खांद्यावर, एक बगलंत. सगळी उचलून हुत न्हवती. हे मी पोरीला सांगितलं. आजवर कवा सांगितलं न्हवतं, कारण त्यात हसण्यासारखं काय न्हवतं.

ती ऐकत राहिली. मग उठून वही घेऊन आली.

"बाईनी तोच प्रश्न परत लिवायला सांगितलाय. सगळ्यांनी न्हाय, मीच मागून घेतला." पेन उघडलं. मंडळीची सुई शर्टात तशीच थांबली. "पप्पा, ध्रुवावरचं बर्फ वितळलं तर आपल्याला काय हुईल?"

मला आता थोडं येत व्हतं की. चुना, डांबर, चादर. पर ते सगळं तिचंच व्हतं.

"मला म्हाईत न्हाय," मी म्हणलो. "तू सांग."

तिनं सांगितलं. गच्चीवर सांगितलं त्यापेक्षा सावकाश, मला कळतंय का बगत बगत. दोनदा मी थांबवलं आन् परत इचारलं. मग ती खाली वाकून लिवायला लागली. लिवून झालं तशी वही आयकडं दिली. मंडळीनं मनात वाचली, माझ्याकडं बगितलं, आन् मग मोठ्यानं वाचली.

"पप्पांना माहीत नव्हतं. त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं." त्याच्याखाली उत्तर, पानभर. आन् सगळ्यात शेवटी, "पप्पांचे पाय अजून दुखतात."